फोमचा बंगला

तलावाकाठची संध्याकाळ मिलिमीटरांच्या बायकोने पुष्कळ वेळा पाहिली होती. डबा घेऊन सकाळी रमतगमत निघायचं, दुपारी पोचायचं, ऊन उतरलं की चटया गुंडाळायच्या आणि अंधाराच्या आत घरी परतायचं, असा त्यांच्या सहलीचा ठरलेला कार्यक्रम असे. एके दिवशी भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "अहो, मला एकदा तिथली सकाळ बघायची आहे. डोळे उघडले की समोर पाणी. बाकी काही नको." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मिलिमीटरांच्या हातातलं वर्तमानपत्र मात्र त्यानंतर पुढच्या पानावर गेलंच नाही.

मिलिमीटर हे अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणी खात्यात नकाशे काढायच्या कामाला होते. साहेबांनी "ही रेघ जरा डावीकडे घ्या" म्हटलं, की "किती मिलिमीटर?" असं विचारल्याशिवाय ते पेन्सिल उचलत नसत. निवृत्त झाल्यावर टेबल, खुर्ची आणि शाईचे डाग खात्यातच राहिले, नाव तेवढं त्यांच्याबरोबर घरी आलं आणि बघता बघता सगळ्या सोसायटीत पसरलं. मोजायची टेप त्यांच्या खिशात कायम असे. दुसरी माणसं किल्ल्या विसरली की परत फिरतात, हे टेप विसरले की फिरत.

शहरातल्या अर्ध्याअधिक नळांचे नकाशे त्यांच्या हातचे होते. तो तलावसुद्धा, वळणावळणासकट, त्यांनीच कागदावर उतरवला होता. मात्र स्वतःच्या हातांनी या गृहस्थाने उभ्या जन्मात एकही वस्तू बनवली नव्हती. घरातली फळी सुताराने बसवलेली होती आणि ती पडली तेव्हा पुन्हा सुतारालाच बोलवावं लागलं होतं. बायको कधी टोमणा मारत नसे. पण फळीवरून काही काढताना ती आधी फळीकडे बघायची आणि मग यांच्याकडे, हे त्यांच्या लक्षात आलेलं होतं.

तलावाकाठी मुक्कामाला हॉटेल नव्हतं. तंबूचा विषय निघाला तेव्हा बायकोने आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं. जमिनीवर एकदा बसलं की तिला उठवायला दोन माणसं लागत, आणि घरात यांना धरून एकच होता. राहता राहिला कॅम्पिंगचा ट्रेलर. गाडीच्या मागे जोडायची छोटीशी खोली, आत खुर्चीच्या उंचीवर गादी, गादीसमोर खिडकी. पण मिलिमीटरांची गाडी अशी, की चढावर समोरून वारा आला तर तीच विचारात पडायची. लाकडी ट्रेलर तिच्या मागे बांधला असता तर ट्रेलर जागेवर राहून गाडीचा मागचा बंपर तेवढा प्रवासाला गेला असता. म्हणून बरेच दिवस वाचन करून मिलिमीटरांनी जाहीर केलं, की ट्रेलर फोमचा होणार. शीतगृहांच्या भिंतींत घालतात त्या निळ्या फोमच्या जाड पाट्या एकमेकींना चिकटवायच्या, वरून कापड ओढायचं, कापडावर रंगाचे थर द्यायचे. वजन नावापुरतं.

ही बातमी ऐकून सगळ्यात आधी धावत आला तो मेहुणा. मेहुण्याचं प्लायवूडचं दुकान होतं, आणि जगातली कुठलीही अडचण सुटायची तर ती प्लायवूडनेच सुटते असं त्याचं प्रामाणिक मत होतं. सख्ख्या बहिणीच्या घरात काहीतरी बांधलं जातंय आणि त्यात लाकडाचा ढलपासुद्धा नाही, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. चहा निवून गेला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"भावोजी, फोममध्ये टीव्ही येतो," तो म्हणाला. "टीव्ही काढून घेतला की फोम फेकून देतात. त्यात तुम्ही माझ्या ताईला झोपवणार?"

मिलिमीटरांनी त्याला भार, ताण, दाब वगैरे समजावून सांगितलं. मेहुण्याने ते सगळं ऐकलं आणि वाटेल तेवढं लाकूड फुकट द्यायची तयारी दाखवली. इथेच तो चुकला. मेहुण्याचं लाकूड एकदा घेतलं असतं, तर पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि आजारपणात त्या लाकडाचा उल्लेख झाला असता. मिलिमीटर ठाम नाही म्हणाले. मेहुणा उठता उठता म्हणाला, "बघा बुवा. लाकूड निदान पाण्यावर तरंगतं तरी." त्यावर गाडी रस्त्यावर चालवायची आहे, पाण्यात नाही, असं उत्तर मिलिमीटरांनी दिलं. या उत्तरावर ते दोन दिवस खूष होते.

काम सुरू झालं ते सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण तिला इतक्या अटी जोडल्या की परवानगी त्यांच्याखाली शोधावी लागत होती. सांगाडा आणि चाकं एका वेल्डरकडून करून घेतली. बाकी सगळं स्वतः करायचं असा मिलिमीटरांचा पण होता. आधी त्यांनी नकाशा काढला. तो इतका सुंदर झाला की ट्रेलर झाला नसता तरी चाललं असतं, असं बायकोसुद्धा म्हणाली. त्यात एकच आकडा अडला. तळाच्या पाटीवर किती भार पडणार हे काढायचं तर बायकोचं वजन लागणार, आणि ते विचारायचं कसं? संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात एवढं मिलिमीटरांना कळत होतं. त्यांनी त्या जागी 'अंदाजे' असं लिहिलं. सबंध नोकरीत त्यांच्या हातून हा शब्द कधी कागदावर उतरला नव्हता. लिहिताना त्यांना घाम फुटला.

फोम कापायला लागल्यावर पहिल्याच दिवशी कळलं, की फोमचा भुसा खाली पडत नाही. तो हवेत फिरतो, विचार करतो आणि मग माणसाला चिकटतो. मिलिमीटर घरी यायचे ते नखशिखांत निळे ठिपके लेवून. ठिपके झटकले की हाताला चिकटायचे, हातावरून काढले की दुसऱ्या हाताला. सोसायटीत मग ते पसरले. वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या काळ्या कोटावर ते एका महत्त्वाच्या सुनावणीत चमकले, सेक्रेटरींच्या मिशीत सापडले, आणि बायको वाढताना आधी ताटावर फुंकर मारायला शिकली.

मदतीला सगळेच यायचे. म्हणजे मागे हात बांधून उभे राहायचे. कुणी म्हणे खिडकी मोठी करा, कुणी म्हणे खिडकी कशाला, चोराला आयतं फावेल. एका गृहस्थांनी आत छोटं देवघर सुचवलं, दुसऱ्याने छोटं न्हाणीघर सुचवलं, तिसऱ्याने दोन्ही एकाच जागी कसं बसवता येईल ते दाखवलं. मेहुणा रोज दुकान बंद करून यायचा, एका बोटाने भिंत दाबून बघायचा आणि "फोमचा बंगला" असं पुटपुटत निघून जायचा. त्यामुळे सगळी सोसायटी त्याला बंगलाच म्हणायला लागली. त्या प्रत्येक बोटाचा खळगा भिंतीवर राहायचा, आणि मिलिमीटर तो टेपने मोजून भरून काढायचे.

एक दिवस मात्र मेहुणा हसतमुखाने आला. हातात डबा होता. दुकानातला सर्वांत भारी गोंद, याने चिकटवलेलं दार भिंत पडली तरी पडत नाही, असं त्याने सांगितलं. लाकूड घेतलं नाही तर नाही, निदान गोंद तरी घ्या, मी काही परका नाही. बायको शेजारीच उभी होती आणि भावाच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मिलिमीटरांना नाही म्हणवेना. त्यांनी तळाच्या कोपऱ्यात ब्रशने गोंद लावला. थोड्या वेळाने बघतात तर कोपरा तिथे नव्हता. लाकडाचं काम करणारा गोंद फोमला विरघळवून टाकतो, हे मिलिमीटरांनी वाचलेलं होतं. ठळक अक्षरांत वाचलेलं होतं. पण वाचलेलं सगळं आयत्या वेळी आठवत असतं, तर माणसाला नातेवाइकांची गरजच पडली नसती. दोघे जण त्या भोकातून खालची फरशी बघत उभे राहिले.

"चांगला गोंद आहे," शेवटी मेहुणा म्हणाला. "फोमच हलका."

भोक कसं बुजवायचं यावर मोठी चर्चा झाली. अखेर मेहुण्याने पडेल आवाजात विनंती केली, की त्या जागी प्लायवूडचा तुकडा बसवू द्यावा. एवढासा. त्याच्या इभ्रतीसाठी. बायकोने मिलिमीटरांकडे फळीकडे बघायची तशी नजर टाकली आणि परवानगी मिळाली. मेहुण्याने दुकानातून एक उरलेला तुकडा आणला, चारही बाजूंनी घासून बसवला आणि त्यावर हात फिरवत म्हणाला, की या अख्ख्या बंगल्यात भरवशाची एवढी एकच जागा आहे.

मग सेक्रेटरींनी नियम काढला. एका घराला एक वाहन. मिलिमीटरांची गाडी हे एक वाहन झालं, ट्रेलर हे दुसरं. आवारात ठेवता येणार नाही. मिलिमीटर वकिलांकडे गेले. वकिलांनी कोटावरचा एक निळा ठिपका काढला, तो यांच्या हातावर ठेवला आणि सल्ला दिला. चाकांवर असेल तर वाहन, चाकांवरून खाली उतरवलं तर ते सामान. कपाट जसं सामान, पलंग जसा सामान. सामानाबद्दल सोसायटीचे नियम काही बोलत नाहीत.

सल्ला मिलिमीटरांना इतका आवडला की त्यांनी नकाशाच बदलला. आता बंगला सांगाड्यावर पक्का जोडायचा नाही. चार कोपऱ्यांना चार क्लिपा लावायच्या. क्लिपा उघडल्या की दोन माणसांनी दोन बाजूंनी उचलायचा आणि भिंतीकडेला ठेवून द्यायचा. सांगाडा भिंतीवर टांगायचा. सेक्रेटरींना हे कायद्यात बसवून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ नियमांची प्रत उलटसुलट करत होते. त्यांचा चेहरा पडला, पण आवारात जागा मिळाली. सोसायटीची वार्षिक सभा त्या वर्षी हॉलमध्ये बंगल्याच्या भोवती उभं राहून झाली. समोरचा माणूस दिसेना, त्यामुळे भांडणाला रंग चढेना, आणि सभा वेळेच्या आधी संपली. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

बायकोने जुन्या चादरी काढून दिल्या. त्या आतून-बाहेरून ओढून, चिकटवून, वर पांढऱ्या रंगाचे थर चढले, तरी आतल्या बाजूने चादरीवरची फुलं पुसट दिसत राहिली. मिलिमीटरांना तो दोष वाटला. बायको म्हणाली, "राहू द्या की. आपलीच आहेत." तेव्हा त्यांनी ब्रश खाली ठेवला.

आता नोंदणी. वाहन नोंदणीच्या कार्यालयातले कारकून ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले आणि फ्रीज कशात नोंदवायचा असं त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. फ्रीज नाही, ट्रेलर आहे, हे सिद्ध करण्यात सकाळ गेली. मग त्यांनी वजनाची पावती मागितली. वजनकाटा होता ट्रकांचा, क्विंटलभराच्या खालचं त्याला कळतच नसे. मिलिमीटरांनी ट्रेलर काट्यावर उभा केला, काट्याने पावती दिली. पावतीवर शून्य.

"शून्य वजनाचं वाहन नोंदवता येत नाही," कारकून म्हणाले.

"पण ते तुमच्या समोर उभं आहे," मिलिमीटर म्हणाले.

"मला दिसतंय हो. काट्याला दिसत नाही."

ज्या माणसाने वजन कमी करण्यासाठी आतली कडीसुद्धा पोकळ घेतली होती, त्याच्यावर आता वजनाची भीक मागायची वेळ आली. मिलिमीटरांचा आवाज चढला. हा हलकेपणा म्हणजे दोष नसून आपल्या आयुष्याची कमाई आहे, असं काहीतरी ते बोलून गेले, आणि रांगेतल्या लोकांनी मान फिरवून यांच्याकडे बघितलं. बरोबर आलेला मेहुणा तोवर शांतपणे उभा होता. तो सरळ ट्रेलरमध्ये जाऊन बसला. मेहुणा वजनाने भक्कम होता. तोही एका अर्थी त्याच्या दुकानातलाच माल होता. काटा हलला, पावती आली, शिक्का बसला. तळ तसूभरही वाकला नाही, हे मिलिमीटरांनी वाकून पाहिलं, आणि मेहुण्यानेही पाहिलं.

संध्याकाळी वकिलांनी कागद वाचून मान हलवली. या कागदाप्रमाणे मेहुणा हा ट्रेलरचा अविभाज्य भाग झालेला होता. रस्त्यात कुणी अडवून वजन केलं आणि ते कमी भरलं तर? पडताळणीला मेहुणा बरोबर असलेला बरा. मिलिमीटरांनी हा सल्ला दाबून ठेवायचा प्रयत्न केला, पण मेहुण्याला तो कळलाच. "भावोजी, कागदावर मी आहे," तो म्हणाला. "मी येणार." आणि तो आपल्या दुकानाच्या टेम्पोतून, बांधाबांधीच्या दोरासकट आणि स्वतःची लाकडी खाट घेऊन, त्यांच्या मागे निघाला. बंगला कुठे मोडतो हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. तो कुठेच मोडला नाही. चढावर गाडी विचारात पडली, पण मग तिने विचार सोडून दिला.

तलावाकाठी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको गाडीतून उतरून पाण्याकडे बघत राहिली, आणि मग सवयीने तिचा हात चटई गुंडाळायला गेला. आज गुंडाळायची नाही, हे लक्षात आल्यावर ती स्वतःशीच हसली. मिलिमीटरांनी ते पाहिलं. आता काही झालं तरी उद्याची सकाळ बिघडू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी घोकलं.

चाकांवर बंगला उंच होता. बायकोच्या गुडघ्यांना पायरी जड जाई. म्हणून क्लिपा उघडल्या, दोघा पुरुषांनी दोन बाजूंनी उचलून बंगला जमिनीवर ठेवला. खिडकी पाण्याकडे. ठेवायची जागा मिलिमीटरांनी टेपने ठरवली. तलाव पूर्ण भरला तर पाणी कुठवर येतं ती रेषा त्यांच्याच हातची होती. त्या रेषेच्या अलीकडे त्यांनी दगड ठेवला, दगडापासून मोजून बंगला लावला.

मेहुणा म्हणाला, "जरा वर घ्या ना. पाण्याच्या फार जवळ आहे."

त्याने हे सांगितलं नसतं तर मिलिमीटरांनी कदाचित घेतलाही असता वर. पण आता प्रश्न रेषेचा होता. "ही रेषा मी काढलेली आहे," ते म्हणाले. "पाण्याला ती माहीत आहे." बायको म्हणाली, की बाळ म्हणतो तर काय हरकत आहे. मेहुण्याचे केस पांढरे झाले होते तरी बहिणीच्या लेखी तो बाळच होता. मिलिमीटरांनी टेप मिटून खिशात टाकली आणि विषय मिटला असं सगळ्यांनी समजून घेतलं. मेहुण्याने टेम्पोपाशी, चांगली उंचावर, आपली खाट मांडली.

आता मिलिमीटर निवृत्त झाल्यानंतर खात्याने तलावाच्या भिंतीची उंची वाढवली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मिलिमीटरांच्या नकाशाला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. त्या रात्री वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि तलाव नव्या भिंतीच्या मापाने भरला.

त्यांना जाग आली ती बायकोच्या हाकेने. हाक घाबरलेली नव्हती, नुसती चौकशीची होती.

"अहो, काठ कुठे गेला?"

ते उठून बसले, तेव्हा सबंध खोली त्यांच्याबरोबर एका अंगावर कलली. खिडकीत पाणी होतं. मागच्या दाराच्या फटीतून पाहिलं तर तिकडेही पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या पलीकडे मेहुण्याचा टेम्पो. दगड, रेषा, अलीकडचं, पलीकडचं, सगळं बुडालं होतं. बंगला तेवढा तरंगत होता. मिलिमीटरांना एकाच वेळी दरदरून घाम फुटला आणि अभिमानही वाटला, आणि या दोन्हींपैकी आधी काय पुसावं ते त्यांना कळेना.

"हलू नका," बायको म्हणाली. "तुम्ही तिकडे सरका, मी इथे बसते. हं. आता सरळ झालं."

सरळ झालं खरं, पण कोपऱ्यात पायाला ओलं लागलं. गादीखाली वाकून पाहिलं. फोमच्या तळातून थेंबही येत नव्हता. येत होता तो त्या एकाच जागेतून, जिथे प्लायवूडचा तुकडा फुगून, कडा सोडून, पोट पुढे काढल्यासारखा वर आला होता. बायकोने टॉवेलची घडी केली, तुकड्यावर ठेवली आणि त्यावर टाच दाबून पुन्हा खिडकीकडे वळली. मिलिमीटर मात्र कपाळाला हात लावून बसले.

"मी तुला काठावरची सकाळ दाखवणार होतो," ते म्हणाले. "एवढी एक गोष्ट मागितलीस. तीही मला धड जमली नाही."

"मी पाण्यासमोर म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पाण्यात आणलंत. जरा जास्तच दिलंत, पण कमी नाही दिलं." मग थोड्या वेळाने, बाहेर बघतच, "आणि बुडलं नाही हो. तुम्ही केलेलं आहे, आणि बुडलं नाही."

मिलिमीटरांनी भिंतीला हात लावला, जिथे आतून चादरीची फुलं दिसत होती.

एवढ्यात काठावर आरडाओरडा झाला. मेहुणा जागा झाला होता. बहीण तलावात चालली आहे हे पाहून तो लेंग्यासकट, खांद्यावर दोर घेऊन पाण्यात शिरला, ताई ताई करत, पोहता येत नसताना. तो येत राहिला, येत राहिला, आणि पाणी मांडीच्या वर काही चढेना. शेवटी तो चालत चालत खिडकीपाशी येऊन उभा राहिला.

"उतरा आता," मेहुणा धापा टाकत म्हणाला. "एवढंसंच पाणी आहे. चालत जाऊ." मग त्याची नजर बहिणीच्या टाचेकडे गेली, टॉवेलकडे गेली, आणि टॉवेलखालून डोकावणाऱ्या फुगलेल्या तुकड्यावर थांबली. "तो साधा होता," अखेर तो खालच्या आवाजात म्हणाला. "वॉटरप्रूफ द्यायला पाहिजे होता मी."

मिलिमीटरांना आता पुष्कळ काही बोलता आलं असतं. टीव्हीबद्दल, गोंदाबद्दल, लाकडाच्या तरंगण्याबद्दल. सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. पण मेहुण्याचे दात थंडीने वाजत होते, आणि पोहता येत नसताना हा माणूस पाण्यात शिरला होता. "रेषा माझीच चुकली," मिलिमीटर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा बायकोने पहिल्यांदाच खिडकीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती नजर फळीकडे बघायची नव्हती.

मेहुण्याने दाराच्या कडीला दोर बांधला आणि ओढायला सुरुवात केली.

"थांब," बायको म्हणाली. "सूर्य अजून वर आलेला नाही."

"ताई, मी पाण्यात उभा आहे."

"काठावर जाऊन उभा राहा. दोर धर नुसता."

मेहुणा गेला. काठावर जाऊन, अंगाला खाटेवरची चादर गुंडाळून, दोराचं टोक हातात धरून तो उभा राहिला. बायकोने बसल्या जागी हात लांबवून थर्मासमधला चहा कपात ओतला. पाण्यावर आधी राखाडी, मग गुलाबी, मग एकदम सोनेरी असं काहीतरी पसरत गेलं, आणि ते सगळं खिडकीच्या चौकटीत येऊन तिच्या तोंडावर पडलं. ती हसत नव्हती. डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत.

मिलिमीटर खिडकीतून वाकून बाहेरच्या भिंतीकडे बघत होते. पांढऱ्या रंगावर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. बंगला किती बुडाला, त्यावरून आत एकूण किती वजन आहे हे सहज निघालं असतं; त्यातून बंगल्याचं वजा करायचं, स्वतःचं वजा करायचं, की नकाशातला तो 'अंदाजे' शब्द कायमचा खोडता आला असता. त्यांचा हात खिशात गेला. टेप हाताला लागली.

"बाळ," बायकोने काठाकडे हाक दिली, "जरा दोर सैल सोड ना."

मेहुण्याने भावोजींकडे पाहिलं. मिलिमीटरांनी मान हलवली. दोर सैल झाला आणि बंगला हळूच आणखी पुढे, उन्हात सरकला.

"किती सोडू?" मेहुण्याने काठावरून विचारलं.

मिलिमीटरांनी खिशातून रिकामा हात बाहेर काढला आणि बायकोच्या हातातला कप घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "अंदाजे."